कमान नंतर, आधी पाणंद मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातल्या तुमच्या गावच्या शिवारातून एक जुनी वाट जाते. माघी पौर्णिमेला चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला याच वाटेनं बैल चालत जायचे, जत्रेत घेतलेली जनावरं याच वाटेनं परत यायची, आणि दिवाळी झाली की धनगरांचे कळप पश्चिमेला निघायचे. गावच्या तरुण मंडळाला ही वाट ‘वारसा वाट’ म्हणून जाहीर करून घ्यायची आहे. निधीतून कमान, फलक आणि काँक्रीट मिळेल असं कुणीतरी सांगितलंय. अर्ज कुठल्या खात्याकडं करायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी परवानाधारक भूमापक आहे. बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात मोजणीच्या निमित्तानं सव्वीस वर्षं फिरलो, आणि शेवटची काही वर्षं जुन्या गुरवाटा शोधण्याचा नादच लागलाय. म्हणून पहिल्यांदा नको ते सांगतो: काँक्रीट घेऊ नका. फुकट दिलं तरी घेऊ नका.

पंधराएक वर्षांपूर्वी अथणी बाजूच्या एका गावात मीच असा उत्साह दाखवला होता. पाणंद देखणी होती. दोन्ही बाजूंना घायपाताचं कुंपण, मधे जुने वड, एका वळणावर विहीर आणि तिच्याशेजारी एकसंध दगडात कोरलेली, जनावरांनी पाणी प्यायची डोण, कडा जनावरांच्या माना घासून गुळगुळीत झालेली. मी फोटो काढले, पेपरात छापून आणले. बघायला माणसं यायला लागली. मग गावात कुणाच्या तरी मनात आलं, एवढी माणसं येतात तर रस्ता नीट करू. दहा फुटी काँक्रीट पडलं. टिपणात, म्हणजे जुन्या मोजणीच्या कागदात, ती वाट ३३ फुटांची होती. उरलेले २३ फूट दोन्ही बाजूंच्या उसानं दोन पावसाळ्यांत गिळले. डोण ठेकेदाराच्या जेसीबीनं बाजूला सारली, ती पुढं कुठं गेली ते कळलं नाही. आणि ज्यांच्यासाठी वाट, ती मेंढरं यायची थांबली. मार्चमधल्या दुपारी तापलेल्या काँक्रीटवर मेंढरू पाय टेकत नाही, नाल मारलेला बैल घसरतो, आणि उसाच्या दोन भिंतींमधे दहा फुटांत चारशे मेंढरं घातली तर चार तरी उसात शिरतातच. मग भांडण. धनगरांनी सरळ दुसरीकडून जायला सुरुवात केली. आता तिथं फलक आहे, वाट नाही.

हिशेब करून बघा. ३३ फूट म्हणजे जुन्या मोजणीतली एक साखळी, सोळा आणे. एक साखळी रुंद आणि एक साखळी लांब म्हणजे एक गुंठा. ३३ फुटांच्या वाटेला किलोमीटरमागे सुमारे शंभर गुंठे लागतात. तिची दहा फूट झाली की किलोमीटरमागे जवळजवळ पावणेदोन एकर जमीन कुणाच्या तरी शेतात जाते. बारमाही पाण्याच्या पट्ट्यात पावणेदोन एकर म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. वाटेचा खरा वैरी विसर नाही, ऊस आहे. हिडकल धरणाचं पाणी आलं, कृष्णाकाठी उपसा योजना झाल्या, त्याबरोबर बांध सरकत गेले. यात कुणी एक खलनायक नाही. दरवर्षी नांगराचं एक तास, म्हणजे फाळाची एक रेघ, वाटेत सरकते.

म्हणून पहिलं काम अर्जाचं नाही, मोजण्याचं आहे. ग्रामनकाशाची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीतून घ्या. त्यावर गाडीवाट तुटक दुहेरी रेघेनं आणि पाऊलवाट तुटक एकेरी रेघेनं दाखवलेली दिसेल. नकाशावर फूटपट्टी ठेवून रुंदी काढायच्या फंदात पडू नका. आपल्याकडचे बरेच ग्रामनकाशे मैलाला आठ इंच या प्रमाणातले आहेत. त्यावर ३३ फुटांची वाट दीड मिलिमीटरही भरत नाही, शाईच्या रेघेची जाडीच तेवढी. रुंदी मिळते ती वाटेला लागून असलेल्या प्रत्येक सर्व्हे नंबरच्या टिपणात. तिथं साखळी-आण्यांत मापं लिहिलेली असतात. आकारबंदाशी, म्हणजे नंबरवार क्षेत्र आणि आकाराच्या नोंदवहीशी, ती ताडून बघा. मग उताऱ्यातला खराबा बघा. ‘अ’ खराब म्हणजे लागवडीला नालायक जमीन, ती खातेदाराचीच. ‘ब’ खराब म्हणजे रस्ता, ओढा, तळं, स्मशान अशा सार्वजनिक वापरासाठी वगळलेली जमीन, ती सरकारची. तुमची वाट बहुतेक ‘ब’ खराबात तुकड्यातुकड्यांनी सापडेल, कुठं तीन गुंठे, कुठं सात. कन्नड नोंदीत ‘बंडी दारी’ दिसलं तर ती गाडीवाट, ‘कालु दारी’ ही पाऊलवाट. हे दोन शब्द पाठच करा. मोबाईलवर कर्नाटक सरकारचं दिशांक हे नकाशाचं ॲप उघडून वाटेनं चालत गेलात तर आपण कुठल्या सर्व्हे नंबरात उभे आहोत ते ढोबळ कळतं. पण त्याच्या जोरावर बांधावर भांडायला जाऊ नका, दहा-वीस फूट तेही चुकतं.

रायबागकरांसाठी एक खास गोष्ट. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत रायबाग त्या संस्थानात होतं. त्यामुळं तुमच्या गावचे जुने कागद तालुक्याच्या कचेरीत मिळाले नाहीत म्हणून वाट नव्हतीच असं समजू नका, कोल्हापूरच्या पुरालेखागारात चौकशी करा. तसंच शहापूर सांगली संस्थानात होतं, आणि आसपासची कित्येक गावं जमखंडी, कुरुंदवाड, रामदुर्ग अशा संस्थानांत वाटलेली होती. जुने कागद मोडीत असतात. मोडी वाचणारा माणूस आधी गाठा, मग कागद मागा. उलट केलंत तर कारकुनाला आणि तुम्हाला दोघांनाही काही कळत नाही.

या वाटा नुसत्या जत्रेच्या नव्हत्या. बेळगावच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आहे, आणि रेल्वे येईपर्यंत त्याच्या खालचं मीठ, नारळ वर आणि वरचं धान्य, कापूस खाली नेणारा वाहक म्हणजे बैल. लमाणांचे, म्हणजे बंजाऱ्यांचे, तांडेच्या तांडे पाठीवर गोणी घालून घाट चढायचे-उतरायचे. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज दख्खनमध्ये फिरली तीही बंजाऱ्यांच्या बैलांवरच्या धान्यावर. बेळगावला छावणी झाल्यावर तिचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरातून रामघाटानं चढायचा. १८८० च्या दशकात कॅसलरॉकवरून मुरगावची रेल्वे झाली आणि तांड्यांचा धंदा बसला. रामघाटाचं उदाहरण मी मुद्दाम देतोय. त्या वाटेचा मधला भाग चंदगड तालुक्यात आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं, पुनर्रचनेत तेवढा एक तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूरला गेला. म्हणजे एकाच वाटेचे कागद आज दोन राज्यांत, दोन भाषांत, दोन प्रकारच्या नोंदींत आहेत. अख्ख्या वाटेला एका फटक्यात मान्यता मिळवायला निघालात तर नातवंडांच्या लग्नापर्यंत फाईल फिरत राहील. गावागावाचा तुकडा आधी पक्का करा. तुकडे जोडणं सोपं असतं.

वाट जमिनीवर ओळखायची कशी, हेही सांगतो, कारण मंडळातली मुलं गावाच्या नावांवरून अंदाज बांधतात. बैलहोंगल नावात बैल आहे म्हणून तिकडून बैलांची वाट गेली असणार, असं एकानं मला ठासून सांगितलं. अरे बाबा, कन्नडमध्ये बैलाला ‘एत्तु’ म्हणतात, आणि ‘बयलु’ म्हणजे उघडं मैदान. नावं सोडा, पाणी शोधा. चिक्कोडी भागातल्या एका म्हाताऱ्या धनगरानं मला जे सांगितलं त्यापुढं माझी सगळी यंत्रं फिकी आहेत. “सायेब, वाट म्हंजे रेघ न्हवं. पान्याला पानी लागाय पायजे. सांजला जितं पानी तितं तळ, मग मदी वाट कुटनं बी जाऊ दे.” चरत जाणारा कळप दिवसाला आठ-दहा किलोमीटरच जातो. म्हणून नकाशावर तेवढ्या तेवढ्या अंतरावर डोण असलेली विहीर, तळं, ओढ्याचा डोह, देवराईतला झरा सापडत गेला की मुक्कामांची माळ तयार होते, आणि वाट तिच्यात आपोआप ओवली जाते. मुक्कामाच्या जागी बहुतेक वेळा बिरोबाचं किंवा मायाक्काचं ठाणं, एखादा वड आणि गायरान असतं. कधी वीरगळही. त्याच्या खालच्या चौकटीत गाईंची रांग कोरलेली असेल तर तो गुरं सोडवताना मेलेल्या वीराचा दगड. कन्नडमध्ये या लढाईला ‘तुरुगोळ’ म्हणतात. शेंदूर फासून गावकऱ्यांनी त्याचा देव केलेला असतो. करू दे, शेंदरामुळंच तो टिकलाय. सँडपेपर घेऊन साफ करायला जाऊ नका. हसू नका, एका मंडळानं हे केलंय.

आता मान्यतेचं. तुम्ही ज्याला वारसा वाट म्हणता ती तशीच्या तशी उचलून धरेल असा कायदा आपल्याकडं नाही. केंद्राचा १९५८ चा आणि कर्नाटकाचा १९६१ चा पुरातत्त्व कायदा स्मारकांसाठी, स्थळांसाठी आहे. वीरगळ, बारव, डोण त्यात बसू शकतात, पाच मैलांची धुळीची पाणंद बसत नाही. त्यामुळं वाटेचं रक्षण महसुलाच्या कायद्यानं करायचं आणि वाटेवरच्या दगडांचं पुरातत्त्वाच्या, अशी दुहेरी वीण घालावी लागते. गायरानासाठी कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ चं कलम ७१ आहे आणि त्याखालच्या नियमांत दर शंभर जनावरांमागे ३० एकर गायरान राखावं असं प्रमाण दिलंय. तुमच्या गावचा जनावरांचा आकडा पशुसंवर्धन खात्याकडून घ्या आणि उरलेल्या गायरानाशी ताडून बघा. अर्जात हा मुद्दा ‘आमची संस्कृती’ या शब्दापेक्षा जास्त वजनदार ठरतो. सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना योजना करायला सांगितलं, तो निकालही जोडा.

इथं एक बारीक गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळं तिच्यावर अडतं. जिथं वाट ‘ब’ खराबात नाही, खातेदाराच्या नंबरातून वहिवाटीनं गेलीय, तिथं १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यासारख्या हक्कांच्या कायद्याचा, आधार घ्यावा लागतो. त्यासाठी वीस वर्षांची उघड, विनाअडथळा वहिवाट लागते, आणि ती वीस वर्षं दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत येऊन संपलेली असावी लागतात. म्हणजे आजोबा जायचे हे पुरत नाही. यंदा किंवा गेल्या साली जनावर त्या वाटेनं गेलेलं असलं पाहिजे. उलट बाजूनंही घड्याळ चालू आहे. सार्वजनिक रस्त्यावर कुणी कब्जा केला तर ताबा परत मागायला मुदतीच्या कायद्यात ३० वर्षं दिलीत. ज्या वाटांवरचे बांध नव्वदच्या दशकात सरकले त्यांची मुदत कुठं येऊन ठेपलीय ते मोजा. तुमच्या मंडळानं कमानीसाठी दोन वर्षं घालवली आणि त्या काळात वाटेवरून एकही खूर गेला नाही, तर तुम्ही स्वतःच्या हातानं दावा पातळ केलात.

बाहेरच्या जगात हा फरक स्वच्छ दिसतो. अमेरिकेत १८६७ पासून टेक्सासची गुरं चिझम वाटेनं कॅन्सासमधल्या ॲबिलीनच्या रेल्वेपर्यंत हाकत नेत. काटेरी तार आली, गुरांच्या तापामुळं राज्यांनी बंदी घातली, आणि वीस वर्षांच्या आत वाट बंद पडली. आज तिथं खुणेचे खांब आणि संग्रहालयं आहेत. गोष्ट जिवंत, वाट मेलेली. स्पेनमध्ये मेंढपाळांच्या संघाला १२७३ मध्ये राजानं सनद दिली, आणि १९९५ च्या कायद्यानं त्यांच्या वाटा सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या: विकता येत नाहीत, आणि कितीही वर्षं कब्जा केला तरी हक्क लागत नाही. रुंद्याही ठरलेल्या, सगळ्यात मोठी ७५ मीटर, मग साडेसदतीस, मग वीस. माणसांनी चालावं, घोड्यावरून फिरावं, सगळ्याला मुभा आहे, पण पहिला मान कळपाचा. १९९४ पासून माद्रिद शहराच्या मधून मेंढरं मिरवत नेतात, ती हौस म्हणून नाही, हक्क दाखवायला. ऋतूनुसार कळप हाकण्याची ही परंपरा युनेस्कोनं २०१९ मध्ये ऑस्ट्रिया, ग्रीस, इटलीच्या नावावर अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, २०२३ मध्ये देश दहा झाले. आपल्याला स्पेनचा कायदा मिळणार नाही, पण त्याचा क्रम घेता येतो: आधी रुंदी, मग कळप, मग हौशी चालणारे.

खानापूरकडं वाट जंगलात शिरते तिथं गणित बदलतं. तिथं २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(१)(घ) बघा. त्यात स्थायिक आणि फिरत्या अशा दोन्ही चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी ये-जा करण्याचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलाय. दावा ग्रामसभेतून जातो. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो. जुन्या चराई पावत्या, म्हाताऱ्यांचे जबाब गोळा करा. पशुपालकांच्या दाव्याची पडताळणी ते हजर असतील त्याच वेळी करावी असा नियम आहे. हे लिहून मागा, नाहीतर कळप पूर्वेला गेलेला असताना पावसाळ्यात पंचनामा होतो आणि ‘कोणी आढळले नाही’ असा शेरा पडतो. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, त्याच्या आतल्या तुकड्यांची जाहिरात मात्र करू नका. तिथं गवळीवाड्यांचं आधीच अवघड झालंय, त्यात रिसॉर्टवाल्यांना वाट दाखवायची गरज नाही.

जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत एक समिती असते, आणि तिनं लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बहुतेक ठिकाणी ती कपाटात धूळ खात पडलेली आहे. तिच्यात दख्खनी मेंढी, खिलार, आणि आता क्वचितच दिसणारा कृष्णा व्हॅलीचा बैल नोंदवा, आणि त्यांच्याच पानावर ‘ये-जा करण्याची वाट आणि मुक्काम’ म्हणून सर्व्हे नंबर लिहा. खर्च शून्य. पण सरकारी दप्तरात वाट आणि जनावर एकाच पानावर आलेलं हे बहुतेक पहिलं ठिकाण ठरतं, आणि पुढं जैवविविधता वारसा स्थळासाठी कलम ३७ खाली प्रस्ताव करायचा झाला तर पाया हाच.

कळप आणायचा कसा, हे मंडळाला अवघड वाटेल, पण ते कमानीपेक्षा स्वस्त आहे. तुमच्या शिवारातले शेतकरी मेंढरं बसवतात का ते बघा. लेंडीखताची किंमत ज्यांना कळते त्यांच्या पडीक रानात दोन रात्री तळ ठरवा, धान्य की रोख ते आधी बोलून घ्या. मंडळानं मुक्कामाच्या विहिरीतला गाळ काढावा, डोणीत पाणी सोडावं, वाटेवरची वेडी बाभूळ तोडावी. तळावर लाळ-खुरकुताची लस द्यायला पशुवैद्याला बोलवा, धनगर दोन कोस वाकडी वाट करून येतील. जत्रेतून बैल चालवत आणणाऱ्यांना सांगा, बाजाराची पावती आणि डॉक्टरांचा दाखला खिशात असू दे. कर्नाटकाच्या २०२० च्या गोहत्याबंदी कायद्यानंतर आणि जनावरांच्या लम्पी रोगाच्या साथीनंतर रस्त्यात अडवणारे वाढलेत, आणि हेड्याच्या, म्हणजे गुरांच्या दलालाच्या, तोंडी शब्दावर आता कुणी सोडत नाही. वाट हमरस्ता ओलांडत असेल तर जनावरांसाठी भुयारी मोरी रुंदीकरणाच्या आराखड्यातच मागायची. डांबर पडल्यावर मागितलीत तर दुभाजकाला भोक पाडून देतात, आणि तिथं अपघात होतात.

फलक लावायचाच झाला तर सगळ्यात शेवटी, आणि भाषेच्या वादात वाट अडकणार नाही एवढं बघा. धनगर दोन्ही भाषा बोलतात, त्यांच्या मुक्कामांना दोन्ही भाषांत नावं आहेत, दोन्ही लिहा. अर्ज मात्र कन्नडमध्येच करा, काम लवकर होतं. हे मी कुणाची बाजू घेऊन सांगत नाही, टेबलावरचा माणूस वाचेल ते लिहावं एवढंच.

अर्ज तहसीलदारांच्या नावे करा आणि मागणी एकच ठेवा: अमुक सर्व्हे नंबरांमधल्या ‘ब’ खराब गाडीवाटेची हद्द कायम करून दगड रोवून मिळावेत. ‘वारसा’ हा शब्द या अर्जात नको, तो वाचला की फाईल पर्यटन खात्याकडं जाते आणि परत येत नाही. मोजणीची तारीख ऊस तुटल्यानंतरची मागा, उभ्या उसात साखळी टाकता येत नाही. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, त्याआधी तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जाऊन चहा प्या, त्यातले निम्मे तुमच्याच मंडळातल्या पोरांचे चुलते असतील. आणि टिपणाच्या नकला दोन काढा. एक अर्जाला जोडा, दुसरी मोजणीच्या दिवशी खिशात ठेवा, कारण कचेरीतली त्या दिवशी नेमकी सापडत नाही.